पांडेसऱ्याच्या राक्षसिणी

पाच-सहा बायका रोज एका सतरंजीवर बसून साड्यांचे धागे कापत असल्या, की दोन गोष्टींचा ढीग साचतो. एक धाग्यांचा, दुसरा किश्श्यांचा. धागे संध्याकाळी झाडून गोणीत भरता येतात. किश्श्यांचं काय करणार? ते रिकाम्या डब्याबरोबर घरी येतात आणि मग घरातच मुक्काम ठोकतात!

आजही घरी पाहुणे आले की मुलगा म्हणतो, "आई, ते राक्षसिणीचं सांग ना."

मी विचारते, "कोणतं?"

कारण ते एक नाहीच. गोष्ट नव्वदच्या दशकातली. आम्ही सगळ्या सुरतेला, पांडेसऱ्यात, जयंतीभाईंच्या साडीच्या कारखान्यात कामाला होतो. धागे कापायचे, घड्या घालायच्या, पेट्या भरायच्या. बहुतेक जणी खानदेशातल्या. आणि त्या हिवाळ्यात आम्ही सगळ्या एका पिक्चरमध्ये राक्षसिणी झालो. खोटं नाही सांगत!

०००

त्याचं झालं असं. जयंतीभाईंचा धाकटा भाऊ नीलेश. धंद्यात त्याचं लक्ष नव्हतं, म्हणून त्याला शेजारच्या उधन्यात व्हिडिओ गेमचं पार्लर काढून दिलं होतं. गिऱ्हाइकापेक्षा तो स्वतःच जास्त खेळायचा. त्यातल्या एका मशीनवर तलवारवाला हीरो चालत जायचा आणि गुहेतून हिरवे, सुळेवाले राक्षस यायचे. ते मारत मारत शेवटच्या दरवाजापर्यंत पोचलेला उधन्यातला तो एकटाच माणूस, असं तो स्वतः सांगायचा. त्याला वाटायला लागलं, याचा पिक्चर काढावा. लग्नाचं शूटिंग करणारा एक कॅमेरावाला मित्र होताच. कॅसेट काढू, केबलवर लावू, सुरतेत धमाल होईल!

जयंतीभाई तयार झाले. घरी सगळ्यांना बसवून नीलेशने स्टोरी ऐकवली. जयंतीभाईंच्या बायको हंसाबेन भाजी निवडत ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"एटला बधा राक्षस, ने एक पण बैरी नथी? तो ए आव्या क्यांथी?"

एवढे सगळे राक्षस आणि बायको एकालाही नाही? मग हे आले कुठून?

नीलेश म्हणाला, "भाभी, गेममध्ये लेडीज नाहीच."

हंसाबेन म्हणाल्या, "मग तो गेम बनवणाऱ्याला आई नव्हती काय?"

दुसऱ्या दिवशी स्टोरीत राक्षसिणी आल्या!

०००

नीलेशभाई आमच्या खोलीत आला. कात्र्या थांबल्या. तो म्हणाला, "पिक्चरसाठी बायका पाहिजेत. सुंदर नको. एकदम भयंकर!"

आता सांगा, कोण हात वर करणार? सगळ्यांनी माना खाली घालून पुन्हा कात्र्या चालवल्या. आमच्यातल्या कमळकडे तर त्याने बघितलंसुद्धा नाही. कमळ अजून नव्या नवरीसारखी, नाजूक, बोलली तर शेजारणीलाही ऐकू जायचं नाही.

शेवटी सिंधूताई उठल्या. त्या वयाने मोठ्या, अंगाने भरलेल्या, आवाज असा की यंत्रं चालू असतानाही पलीकडच्या खोलीतून ऐकू यावा. त्यांनी विचारलं, "भयंकर दिसायचं, की भयंकर व्हायचं?"

नीलेश म्हणाला, "दोन्ही, बेन."

"मग दिसायचं तेवढं तुम्ही बघा," सिंधूताई म्हणाल्या. "व्हायचं आमच्याकडे लागलं!"

त्या उभ्या राहिल्या म्हणून मी, मी राहिले म्हणून बाकीच्या. आणि सगळ्यात शेवटी, कुणाला न सांगता, कमळही आमच्या मागे येऊन उभी राहिली.

०००

मेकअपला रसिकभाई होते. गुजराती नाटकांत रंगवायचं काम केलेले, फार हौशी माणूस. त्यांनी प्रत्येकीच्या मापाचे सुळे बनवले. पांढरेशुभ्र, खालच्या ओठातून वर येणारे. पण कॅमेऱ्यात बघितलं की रसिकभाई कपाळावर हात मारायचे. "नवे वाटतात! दुकानातून आणल्यासारखे!" चहाचं पाणी लावून बघितलं, काजळी लावून बघितली, काही जमेना.

जेवणाच्या सुट्टीनंतर ते धावतच आले. सिंधूताईंच्या तोंडाकडे बोट दाखवून ओरडले, "हे! हेच पाहिजे! हा रंग कुणी दिला?"

सिंधूताईंना काही कळेना. त्यांनी जेवण झाल्यावर रोजच्यासारखी मिश्री लावली होती. बोट फिरवता फिरवता स्वतःच्या दातांबरोबर सुळेही घासून काढले होते!

त्या दिवसापासून रसिकभाईंच्या मेकअपच्या पेटीत पावडर, लाली आणि मिश्रीची डबी. हिरोईनने एकदा चुकून ती गालाला लावली, तो किस्सा मी चारचौघांत सांगत नाही.

०००

रुख्मा परभणीकडची. उंचच उंच, आणि बोलणं एकदम सरळ. तिच्या हातात मोठी गदा दिली होती, लाकडी दांड्यावर फोम गुंडाळलेली. हीरो होता केतन म्हणून, जिममध्ये जाणारा. त्याचा पहिलाच डायलॉग रुख्माबरोबर.

तो तलवार उपसून गरजला, "राक्षसी! देख, तेरी मौत सामने खड़ी है!"

रुख्माने त्याच्या मागे वाकून बघितलं. उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं.

"कुठाय?"

कॅमेरावाला हसून हसून खाली बसला. दिवसभर पुन्हा तो सीन झाला नाही!

०००

शूटिंग सुरतेबाहेर, कामरेजला उसाच्या शेतात चालायचं. शेतमालक जयंतीभाईंच्या ओळखीचा. त्याने परवानगी दिली, पण आपल्या म्हाताऱ्या वडिलांना सांगायला तो विसरला.

आम्ही सगळ्या उसात लपलेल्या. अंग हिरवं, तोंडात सुळे, डोक्याला गोणपाटाच्या झिंज्या, कमरेला फाटकं कातडं. नीलेशने शिट्टी वाजवली की गर्जना करत बाहेर यायचं. शिट्टीची वाट बघतोय, तर मागून पानं बाजूला सारत म्हातारबाबा आले. धोतर, हातात काठी. आमच्या अंगावर काटा! हा माणूस आता घाबरून पडला तर काय करायचं?

बाबांनी आम्हाला खालपासून वरपर्यंत बघितलं. एकीला, दुसरीला, तिसरीला. मग विचारलं, "खानदेशच्या का?"

सुळ्यांमुळे नीट बोलता येईना. मी कसंबसं म्हटलं, "हो."

बाबा चिडले. "ऊस अजून कच्चा आहे! तोडायला आत्ता कशाला आल्या? तुमचा मुकादम कोण?"

०००

सिंधूताई राक्षसांची राणी होत्या. त्यांच्या मरणाचा सीन फार मोठा. त्या दिवसासाठी जयंतीभाई आणि हंसाबेन मुद्दाम गाडी करून कामरेजला आले होते. केतनने तलवार उगारली. सिंधूताईंनी हात वर करून त्याला थांबवलं.

"आज मी मरणार नाही."

नीलेश म्हणाला, "का, बेन? काय झालं?"

"आज चतुर्थी आहे. मला उपास आहे."

"मग? मरायला काय खावं लागतं?"

सिंधूताईंनी गदा जमिनीवर आपटली. "नीलेशभाई, गावाकडे उपाशी मरता आलं असतं! उपाशी मरायला सुरतेला नाही आले मी!"

जयंतीभाईंनी चष्मा काढून पुसला. हंसाबेन मात्र गाडीतून उतरून सरळ शेतमालकाच्या स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने परातभर साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या, वर दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची.

सिंधूताईंनी सुळे काढून ठेवले, पोटभर फराळ केला, हात धुतले, पुन्हा सुळे लावले आणि केतनला म्हणाल्या, "ये बाबा, मार आता!"

०००

हा जरा वेगळा आहे.

पांडेसऱ्याच्या आमच्या वळणावर एक पानाचा गल्ला, म्हणजे टपरी होती. तिथे एक माणूस रोज सुटीच्या वेळेला उभा राहायचा आणि कमळ दिसली की शिट्टी वाजवायचा. कधी काही बोलायचा, कधी दोन पावलं मागे यायचा. कमळने रस्ता बदलून बघितला. तो तिकडेही आला. नवऱ्याला सांगितलं तर मारामारी होईल, म्हणून तिने घरी सांगितलं नव्हतं. मला म्हणाली, "विमलताई, मी काम सोडते." डोळ्यांत पाणी.

शेजारी बसलेल्या रुख्माने ते ऐकलं.

त्या दिवशी कामरेजला टाकीतलं पाणी संपलं. तोंड धुवायला मिळालं नाही. साड्यांच्या गाठोड्यांचा टेम्पो असायचा, त्याच्यात आम्ही तशाच रंगलेल्या अवतारात बसून परत निघालो. ऊन अजून उतरलं नव्हतं. वळणावर आलो तर तो गल्ल्यापाशी उभा! कमळ पुढेच बसली होती, पण रंगामुळे त्याने तिला ओळखलं नाही. तो आपला कारखान्याच्या फाटकाकडे बघत उभा.

रुख्माने टेम्पोच्या टपावर गदा आपटली. टेम्पो थांबला. ती उतरली. मागून सिंधूताई. मग आम्ही सगळ्या. त्याच्याभोवती गोल करून उभ्या राहिलो. त्याच्या तोंडातलं पान तसंच राहिलं, चावायचंसुद्धा विसरला.

रुख्मा वाकली आणि फार गोड आवाजात म्हणाली, "भाऊ, रोज कमळला बघता. आज आमच्याकडं पण बघा की!"

तो जो गेला, तो पुन्हा त्या वळणावर दिसला नाही. कमळने काम सोडलं नाही. तक्रार एकट्या पानवाल्याचीच. दुसऱ्या दिवशी मला म्हणतो, "बेन, मारो कायमनो घराक गयो!" त्याचं रोजचं गिऱ्हाईक गेलं म्हणे!

०००

एकदा ऐन शूटिंगमध्ये रसिकभाईंचा हिरवा रंग संपला. कमळचा नवरा दिनकर कापडाच्या रंगाईच्या मिलमध्ये कामाला. तो म्हणाला, "एवढंच ना? आमच्याकडे रंगाला काय तोटा!" आणि पुडी घेऊन आला. रंग असा बसला, असा बसला की रसिकभाई खूश! संध्याकाळी धुवायला गेलो, तर उतरेना.

बाकीच्यांना थोडाथोडाच लावला होता. कमळला मात्र पूर्ण. बेसन लावलं, लिंबू चोळलं, खोबरेल लावलं. हिरव्याचं पोपटी झालं, त्यापुढे काही हलेना. आणि दुसऱ्या दिवशी दोंडाईच्याहून तिची सासू येणार होती, मुक्कामाला! त्यांना आम्ही सगळ्या आत्याबाई म्हणायचो. बाई कडक. सून पिक्चरमध्ये काम करते, हे त्यांना माहीतच नव्हतं.

उधना स्टेशनवर मी कमळ आणि दिनकरबरोबर गेले. पदर नाकापर्यंत ओढलेला. आत्याबाई गाडीतून उतरल्या. कमळ पाया पडली. आत्याबाईंनी तिच्या हनुवटीला हात लावून पदर वर केला.

बघतच राहिल्या. मी देवाचं नाव घेतेय. दिनकर तर पेटी उचलायच्या निमित्ताने डब्यातच चढला!

आत्याबाईंनी त्याला तिथूनच हाक मारली, "दिन्या! मी तुले आधीच सांगं व्हतं ना, सुरतनं पानी बेकार शे!"

पुढचे दिवस कमळला उकळून गार केलेलं पाणी, तुळशीचा काढा आणि सक्तीची विश्रांती. रंग हळूहळू आपोआप उतरला. आत्याबाई गल्लीत सगळ्यांना सांगत होत्या, "मनाच हातनं बरी व्हयनी!" माझ्याच हाताने बरी झाली!

०००

आता शेवटचा.

गेममधले राक्षस नुसते घुरघुरायचे. नीलेशने आम्हालाही घुरघुरायला लावलं. पण इतक्या बायका एकदम घुरघुरल्या की पिठाच्या गिरणीसारखा आवाज यायचा, आणि मग हसू आवरायचं नाही. वैतागून तो म्हणाला, "काहीपण बोला! फक्त कुणाला समजलं नाही पाहिजे. राक्षसांची भाषा वाटली पाहिजे!"

सिंधूताई म्हणाल्या, "आहिरानी चालेल?"

"ते काय असतं?"

"घरी बोलतो ते."

त्यांनी दोन वाक्यं बोलून दाखवली. नीलेशने टाळी वाजवली. "बेन, हेच! असली राक्षस!"

मग काय, प्रत्येकीला मोकळं रान! खाली पट्टीवर हिंदीत अर्थ येणार होता, तो नीलेशच्या मनाने. रुख्माला आहिराणी येत नव्हती. आम्ही तिला एकच वाक्य पाठ करून दिलं. दर लढाईत ती गदा फिरवत धावायची आणि ओरडायची, "चाला व माय, नळ उना!" पाण्याचा नळ आला! खाली पट्टीवर लिहून यायचं, "आक्रमण!"

कमळला एकच सीन होता. केतन तिचा हात धरतो, ती सुटायला धडपडते आणि त्याच्या तोंडावर ओरडते. नीलेश तिला म्हणाला, "बेन, जे मनात येईल ते बोल. पण जोरात." पहिल्यांदा आवाजच निघाला नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ती जे बोलली, ते ऐकून आम्ही एकमेकींकडे बघितलं. नीलेशला वाटलं, काय ॲक्टिंग करते!

पिक्चर पूर्ण झाला. पहिल्यांदा आमच्याच गल्लीत दाखवायचा ठरला. रविवारची संध्याकाळ. ओट्यावर टीव्ही, भाड्याचा व्हीसीआर, खाली सतरंज्या. अख्खी गल्ली खानदेशातली. जयंतीभाई, हंसाबेन आणि नीलेश खुर्च्यांवर. त्या उन्हाळ्यात आत्याबाईही मुलाकडे येऊन राहिलेल्या. त्या सगळ्यात पुढे बसल्या, मांडीवर शेंगांची वाटी. सून राक्षसीण झालीय, हे अजूनही कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. कमळ दाराआड उभी. मला म्हणाली, "विमलताई, माझा सीन आला की लाइट घालवता येतील का?"

पिक्चर सुरू झाला. रुख्मा आली, "नळ उना!" आणि गल्ली कोसळली! दोन बायका खरोखरच हंडे घ्यायला उठल्या. नीलेशला कळेना, लढाईच्या सीनला लोक एवढे का हसतायत! सिंधूताई राक्षसांच्या सैन्यापुढे उभ्या राहून भाषण करत होत्या. पट्टीवर येत होतं, "देवताओं का सिंहासन हमारा होगा!" आणि तोंडाने त्या आमच्या घरमालकाला संडासाच्या दारावरून शिव्या घालत होत्या. घरमालक तिथेच बसलेला! आत्याबाई तर शेंगा बाजूला ठेवून हसता हसता डोळे पुसत होत्या.

मग कमळचा सीन आला.

पडद्यावर हिरवी राक्षसीण, सुळे, झिंज्या. केतनने हात धरलाय. आणि ती जीव तोडून ओरडली,

"सोड माले! दोन साल व्हई ग्यात, आखाजीले माहेर धाडतंस नही! मनी माय झोका बांधीसन वाट दखी राह्यनी! सोड!"

खाली पट्टी आली, "आज मैं तेरा ख़ून पी जाऊँगी!"

कुणी हसलं नाही.

आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकींचा सण. अक्षय्य तृतीयेला गावोगावी झाडांना झोके बांधतात, सासरच्या पोरी माहेरी येतात, गाणी म्हणतात. कमळचं माहेर अमळनेरचं; लग्न झाल्यापासून तिला एकदाही पाठवलं नव्हतं, तिकडे तिची आई झोका बांधून वाट बघायची. पहिल्या वर्षी सासरी आजारपण निघालं, दुसऱ्या वर्षी गव्हाची कामं. ती कधी एका शब्दाने बोलली नव्हती. आणि यंदाची आखाजी चार दिवसांवर आली होती.

पडद्यावर पुढची लढाई सुरू झाली, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळी गल्ली आत्याबाईंच्या पाठीकडे बघत होती. दिनकरने मान खाली घातली. दाराआड कमळने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

खुर्चीवरून नीलेशने हळूच विचारलं, "काय झालं? सीन चांगला नाही?"

आत्याबाईंनी बाजूची वाटी उचलली, एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि मागे न वळता म्हणाल्या,

"दिन्या, सकायले उधना ठेसनवर जाय. त्या राक्षसीननं अमळनेरनं तिकीट काढी ये."